तेहतीस फुटांवरचं पाणी

ताईस,

धाकटीचा नमस्कार. तू बरी आहेस असं धरून चालते, कारण बरी नसलीस तरी तू कळवणार नाहीस. हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक आहे, तेव्हा विचारपूस एवढ्यावरच आवरते. गुडघा काय म्हणतो? विज्ञानाचा वर्ग अजून तिसऱ्या मजल्यावरच भरतो, की तुमच्या मुख्याध्यापकांना दया आली? इथे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. त्यावर फार विसंबू नकोस.)

हातात फोन असताना ही बया पत्र का लिहिते, अशी शंका तुला आली असेल. येऊ दे. आपलं घराणंच शंकेखोर. फोनवर बोलता येत नाही, कारण आप्पा ऐकतात. ‘गोळी घेतली का’ हे मी कानाशी तीनदा ओरडले तरी त्यांना ऐकू येत नाही, पण गॅलरीच्या टोकाला जाऊन तुझ्याशी कुजबुजले की आतून आवाज येतो, “तिला म्हणावं, मी ठणठणीत आहे!” म्हणून हे पत्र मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याआड बसून लिहिते आहे. आमचे हेडक्लार्क दोनदा टेबलावरून गेले. मी पेपर फोडते आहे असा त्यांना संशय असावा. परीक्षा विभागात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला दुसरं काही सुचतच नाही. मला तरी कुठे सुचतं? एकाच केंद्रावरच्या एकतीस मुलांनी एकच चूक केली की ती शोधून वर कळवायची, हे माझं काम. म्हणजे मला पगार संशयाचाच मिळतो.

तर ताई, आपल्या घरात पाणी मुरतंय. म्हण म्हणून नाही सांगत. खरंखुरं, प्यायचं, मोजलेलं पाणी.

मागच्या महिन्यात आप्पांच्या पायांवर सूज आली, हे तुला सांगितलं होतं. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं, ते मात्र पूर्ण सांगितलं नव्हतं, कारण फोनच्या वेळी आप्पा दाराआड उभे होते. (त्यांच्या चपला दिसत होत्या.) बाईंनी तपासलं, यंत्राने छातीची चित्रं काढली आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “आजोबा, तुमचा पंप कमजोर झालाय.” ज्या माणसाने चौतीस वर्षं पंपघरात काढली, अख्ख्या गावाचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवलं, त्याला हे सांगायचं म्हणजे काय! आप्पा ताठ झाले. “किती टक्के?” बाई म्हणाल्या, पस्तीसच्या आसपास. आप्पा त्या चित्राकडे बघून म्हणाले, “पस्तीसवर मी मोटर चालूच दिली नसती.” मला वाटलं, चला, पटलं. कसलं पटतंय.

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पाणी दिवसाला एक लिटर. चहा-दूध सगळं त्यातच. जास्त झालं की छातीत साठतं, दम लागतो, मग धावपळ. दुसरं, छातीत एक पेटी बसवायची, काडेपेटीएवढी, ती ठोका चुकू देणार नाही. तारीख अठरा धरून ठेवली आहे, पण दहा तारखेच्या आत होकार द्यायचा. उशीर चालणार नाही, हे बाईंनी मला बाहेर बोलावून वेगळं सांगितलं, आणि तेव्हा त्यांचा आवाज गोड नव्हता. आप्पांनी ‘विचार करतो’ म्हटलं. आप्पांचं ‘विचार करतो’ म्हणजे काय, हे आपल्याला लहानपणी सायकल मागितल्यापासून ठाऊक आहे.

पेटीचं माझ्या हातात नव्हतं, पाण्याचं होतं. एक लिटरची काचेची बाटली घेतली, तिच्यावर लाल पेनने रेघा मारल्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ. पण समोरचा माणूस कोण? तासातासाला टाकीची पातळी वाचून वहीत लिहिण्यात ज्याची हयात गेली, तो! पहिल्याच दिवशी त्यांनी बाटली डोळ्यांसमोर धरली आणि मला सांगितलं, “रेघ तिरकी आहे. पातळी वाचताना डोळा पाण्याच्या रेषेत ठेवायचा असतो.” मी सरळ रेघा मारल्या. बाटली रोज रेघेला रेघ जुळून उतरायला लागली. इतकी चोख, की मला पहिला संशय आला. ताई, खऱ्या उत्तरपत्रिकेत खाडाखोड असते. शंभरातले शंभर आले की मी आधी बाकाखाली बघते.

मग लक्षात आलं, तुझ्या वेलीची झारी रिकामी होते आहे.

तुझी वेल म्हणजे दोन वर्षांपूर्वी तू स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून गेलीस ती. आता ती गजांवरून छतापर्यंत जाऊन पंख्याकडे वळली आहे. तिच्यासाठी मी सकाळी हिरवी झारी गच्च भरून ठेवते आणि ऑफिसातून आले की पाणी घालते. तर संध्याकाळी झारी अर्धी. आपली आपण आटली म्हणावं, तर झारीला तोंड केवढंसं! मी आमच्या यांना सांगितलं, झारी कपाटात ठेवते, एक चांगलं कुलूप द्या. यांचं किल्ल्यांचं दुकान असण्याचा लग्नानंतर प्रथमच मला उपयोग झाला. त्यांनी स्वतःच्या हाताने भक्कम पितळी कुलूप बसवून दिलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. संध्याकाळी कुलूप जसंच्या तसं, झारी अर्धी. (हे वाक्य पुन्हा वाच. तुला जे आत्ता सुचलं, ते मला सुचायला नऊ दिवस लागले.)

दरम्यान दुसरं प्रकरण सुरू झालं. आप्पा फुलं आणायला लागले. पांढरी शेवंती, लांब दांड्यांची, दर तीन दिवसांनी. आपल्या इमारतीखाली फुलवाल्या काकूंचं दुकान आहे ना, तिथून. आधी वाटलं आईच्या फोटोसाठी असतील. पण फुलं आईच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत, थेट आप्पांच्या उशाशी. बरं, फुलं आणायला पाच मिनिटं पुरतात. आप्पा तासभर खाली. एकदा जिन्यातून वाकून पाहिलं, तर आप्पा स्टुलावर बसलेले, काकू बादलीत हात घालून काहीतरी करताहेत आणि आप्पा इतक्या कौतुकाने बघताहेत, की आईचं जेवण आयुष्यभर जेवून तिच्याकडे कधी तसं बघितलं नसेल. सत्त्याहत्तराव्या वर्षी, पस्तीस टक्क्यांवर! मी यांना म्हटलं, “मला काही लक्षण ठीक दिसत नाही.” हे म्हणाले, “अगं, फुलंच बघतायत.” पुरुष पुरुषाला सामील असतो.

मी आप्पांना सरळ विचारलं, काकूंशी काय बोलता? ते म्हणाले, “कामाचं.” मी म्हटलं, तुमचं आणि त्यांचं कसलं आलंय काम? तर म्हणाले, “पाण्याचं.” तुझी शपथ, मला वाटलं, त्या बाई आप्पांना पाणी पाजतात!

आता तुझ्या लक्षात आलं असेल माझा रोख कुठे आहे. तरी दोन वर्षांपूर्वी तू इथून निघून गेलीस, त्या दिवसापर्यंत मी मागे जाते. तुला सगळं आठवत असेलच. पण तुझ्या आठवणीत तुझी बाजू असणार आणि आप्पांच्या आठवणीत त्यांची, आणि टेबलाच्या मधल्या बाजूला बसून पोळ्या वाढणारीची बाजू कोणी विचारत नाही. तू वेल खिडकीत ठेवलीस, आणि आप्पांनी विचारलं, “एवढ्या वर पाणी चढतं कसं? पंप कुठे आहे?” तू म्हणालीस, पंप नसतो, आप्पा. पानांतून पाणी हवेत उडून जातं आणि त्याच्या ओढीने खालचं वर येतं. आप्पा म्हणाले, ओढून? नुसतं ओढून पाणी तेहतीस फुटांच्या वर येतच नाही, कुठल्याही पंपवाल्याला विचार. मग शंभर फुटांचं झाड कसं उभं राहतं? खालून कोणीतरी ढकलत असलं पाहिजे. तू म्हणालीस, ढकलत नाही. ते म्हणाले, ढकलल्याशिवाय काही चढत नाही. तुला तरी मी ढकललं नसतं, तर तू शिकली असतीस? आणि मग तू हातातला घास ताटात ठेवलास. तू म्हणालीस, “आयुष्यभर ढकललंतच, आप्पा. शाळेत ढकललंत, नोकरीला ढकललंत, आई गेल्यावर परगावी ढकललंत. ओढ म्हणून काही असते, ती तुमच्या पंपघरात नव्हती.” आणि संध्याकाळची गाडी धरलीस. पाण्याची गोष्ट पाण्यावर राहिली असती, तर मी आज हे पत्र लिहीत नसते.

त्या दिवसापासून तुमचं ते सुरू आहे. दर रविवारी फोन, “बरं आहे ना? बरं. दे तिला.” आपल्या घरात कोणी रुसलं की त्याला रुसला म्हणत नाहीत, हवा धरली म्हणतात. (आमच्या यांना हा शब्द लग्नानंतर वर्षभर कळला नव्हता. यांना वाटायचं, मी पंख्याखाली जाऊन बसते. मग मी समजावलं, की पंपाच्या नळीत हवा शिरली की मोटर नुसती घरघरते, पाणी काही चढत नाही. मोटर बंद करून कोणीतरी वरून तांब्याने पाणी ओतून नळी भरून द्यावी लागते, मगच पंप पुन्हा पाणी धरतो. आई ते ओतायची. आपण दोघींनी अबोला धरला की तीच आधी काहीतरी बिनमहत्त्वाचं बोलायची, “ए, तुमच्यापैकी कोणाला सुई ओवता येते का?” तांब्याभर एवढंच.) आता दोन वर्षं मोटर घरघरते आहे आणि तांब्या कोणाच्या हातात नाही.

असो. संशयाकडे वळते.

मी सापळा लावला. केकवाल्यांकडे मिळतो तो खाण्याचा निळा रंग आणला आणि अख्खी बाटली झारीत ओतली. झारी हिरवी, गडद; आतलं काही दिसत नाही. जो पिईल त्याची जीभ निळी. परीक्षेत आम्ही असंच करतो, पेपर फुटण्याचा संशय असला की त्या संचात एक चूक मुद्दाम पेरतो. वेलीला त्या दिवशी वेगळं पाणी दिलं. (मी दुष्ट नाही.) आणि निवांत झोपले.

सकाळी चहाला सगळे बसले. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांच्या जिभा बघायला सांगितल्या आहेत. खोटं बोलताना मला नेहमी ‘सगळ्यांच्या’ हा शब्द लागतो. यांनी बिचाऱ्यांनी लगेच तोंड उघडलं, आणि ताई, जीभ, हिरड्या, दात, सगळं शाईच्या दौतीसारखं! मी हातातला चमचा टाकला. म्हटलं, लाज नाही वाटत? वेलीचं पाणी पिता? घरात माठ नाही? हे म्हणाले, “पहाटे तहान लागली, जवळ तेच होतं.” कुलूपबंद कपाटात, आणि जवळ! पण रागाच्या भरात मी ‘कुलूप’ हा शब्द विसरले. असा माणूस आमच्या परीक्षेला बसला, तर मी त्याला तीन वर्षं बसू देणार नाही, एवढं बोलून घेतलं. ते खाली मान घालून ऐकत होते. इतकी खाली, की मला दुसरा संशय यायला हवा होता.

आप्पांचं तोंड बघायचं राहिलंच. कारण आप्पा चहाला आलेच नाहीत. मी त्यांच्या खोलीत गेले, तर ते पलंगावर बसून बरणीकडे बघत होते. ताई, पांढरी शेवंती निळी झाली होती. सगळी नाही, पाकळ्यांच्या कडा आणि आतल्या बारीक शिरा. जणू कोणी सर्वांत बारीक निबाने प्रत्येक पाकळीवर पाण्याची वाट काढून दाखवली होती. आप्पा फुलांना रोज झारीतलंच पाणी घालत होते, हे मला तेव्हा कळलं. मी हाक मारली, ते बोलले नाहीत. नुसतं बोट दाखवलं फुलाकडे, मग बरणीच्या तळाकडे, मग परत फुलाकडे. डोळ्यांत पाणी. ओठ घट्ट मिटलेले. दिवसभर ते एक शब्द बोलले नाहीत, खुणेनेच हो-नाही सांगत राहिले. माझं मन भरून आलं. वाटलं, चौतीस वर्षं पाणी वर ढकललेल्या माणसाने आज पहिल्यांदा त्याला आपल्या आपण चढताना पाहिलं. शब्द फुटणार कसे? मी दाराशी उभी राहून थोडी रडलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाले, “पोरगी बरोबर होती. पंप लागत नाही. डॉक्टरीणबाईंना कळवून टाक, पेटी नको.”

हे माझ्या हातून झालं, ताई. चोर पकडायला गेले आणि पुरावा चोराच्या उशाशी नेऊन ठेवला.

मी खूप समजावलं. माणूस म्हणजे झाड नाही, म्हटलं. ते म्हणाले, “ते तू सांगू नकोस. दाखव.” पंपवाल्याला दाखवल्याशिवाय पटत नाही. झाडाचं पाणी पानं ओढतात आणि माणसाला पानं नसतात, एवढं दाखवायचं होतं. मग आम्ही दोघांनी खिडकीत तीन बाटल्या मांडल्या. तीन सारख्या दांड्या काकूंनी दिल्या. तेव्हा कळलं, खाली तासभर काय चालायचं. काकू दांडी पाण्याबाहेर कापत नाहीत. बादलीत बुडवून, तिरकी, पाण्याखाली कापतात. का, तर म्हणाल्या, “बाहेर कापली की दांडी हवा धरते. मग कितीही पाण्यात ठेवा, फूल मान टाकतं.” हवा धरते! त्यांचाही तोच शब्द. आप्पा एवढ्यावरच भुलले होते. मी मनातल्या मनात काकूंची माफी मागितली. (अर्धी. उरलेली अर्धी राखून ठेवली आहे, कारण परवा त्यांनी आप्पांना स्टुलावर उशी घालून दिली.)

एका दांडीला पानं ठेवली, एकीची सगळी काढली, एकीच्या पानांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. आप्पांनी पेन्सिलने रेघा मारल्या. डोळा पाण्याच्या रेषेत. दोन दिवसांनी पानांची बाटली तीन बोटं उतरली. बिनपानांची जेमतेम हलली. पिशवीवालीची थोडीशी, आणि पिशवी आतून घामेजलेली. आप्पांनी तिन्ही बाटल्यांच्या रेघा पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, “म्हणजे वरचं निघून जातं, म्हणून खालचं चढतं. जातं त्याची ओढ.” एवढंच. आणि त्यांनी खिडकीबाहेर, रस्ता वळतो तिकडे पाहिलं, जिथून तुझी गाडी जाते.

मी त्यांच्या शेजारी बसले होते, ताई. मी कुठे गेले नाही, त्यामुळे माझी ओढ कोणाला लागायचा प्रश्नच आला नाही. जवळच्या माणसाने पाणी मोजायचं असतं. यात तक्रार नाही, नोंद आहे.

मग ते आडमुठेपणाच्या पुढच्या पायरीवर गेले. म्हणाले, ओढ कळली, पण तेहतीस फुटांचं काय? ओढून तेहतीस फुटांच्या वर पाणी येत नाही, तर शंभर फुटांचं झाड कसं? हे पटलं, तर पेटी बसवतो. न पटलं, तर नाही. आता योगायोग बघ, हा प्रश्न यंदाच्या विज्ञानाच्या पेपरात होता. (ती एकतीस मुलं! पुस्तकात ‘केशाकर्षण’ हा शब्द आहे, म्हणून एकतीसच्या एकतीसांनी लिहिलं, की झाडाला बारीक केस असतात, त्यांना धरून पाणी चढतं. आठ दिवस शोध घेतला. कोणी कोणाची कॉपी केली नव्हती. सगळ्यांना एकच बाई शिकवत होत्या.) तर नमुना उत्तर माझ्या टेबलावरच होतं. मी ते पाठ करून घरी गेले आणि सांगितलं, आप्पा, तुमचा पंप हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर दाबते. तिचं बळ तेहतीस फुटांवर संपतं. झाडाच्या नळ्या केसाहून बारीक, त्यांत हवा नसतेच. पाण्याचे कण एकमेकांचे हात घट्ट धरून असतात, मुळापासून शेंड्यापर्यंत एकच साखळी. वरचा एक सुटून निघाला की अख्खी साखळी एक पाऊल वर सरकते. मध्ये बुडबुडा शिरला तरच ती तुटते. मला वाटलं, फार छान सांगितलं. आप्पा म्हणाले, “तू पाठ केलेलं म्हणतेस. थोरलीला येऊन सांगू दे.”

थोरलीला येऊन सांगू दे. ऐकलंस? दोन वर्षांत पहिल्यांदा.

कुलपाचं शेवटी परवा लक्षात आलं. मी यांना विचारलं, त्या कुलपाच्या किल्ल्या किती केल्या होत्या? हे म्हणाले, “दोन. नेहमी दोनच करतो, एक हरवते.” दुसरी कुठे आहे विचारल्यावर यांना दुकानात तातडीचं काम निघालं. आता हे निळं तोंड एकट्याचं होतं की आणखी कोणाचं, याबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. पण पुरावा तोवर चूळ भरून गेला होता.

जेवणाची सुट्टी संपली. हेडक्लार्क तिसऱ्यांदा आले. प्रकृतीला जप. गुडघ्याला वरचेवर जिने चढवू नकोस. पाण्यासारखी ओढ सगळ्यांनाच असते असं नाही.

तुझी,
धाकटी

ता.क. तुझी वेल छान आहे.

ता.क. २. वेल तितकीशी छान नाही. दोन दिवस सगळे तिन्ही बाटल्यांपुढे बसलो होतो, तिला पाणी घालायचं राहून गेलं. तिने मान टाकली होती; काल पाणी दिलं, आज शेंडा उचलला आहे. घाबरू नकोस.

ता.क. ३. वेलीसाठी पत्र लिहिलेलं नाही, हे तुला कळलंच असेल. दहा तारखेच्या आत ये. तेहतीस फुटांचं उत्तर सांगायला म्हणून ये. मी सांगितलेलंच सांग, शब्द बदलू नकोस. त्यांना ते पटेल, मग पेटी बसेल. आणि आल्यावर पहिलं वाक्य त्या भांडणाबद्दल बोलू नकोस. सुई ओवता येते का विचार, किंवा गाडीला गर्दी होती म्हण. आई करायची तसं.

ता.क. ४. पत्र टपालपेटीत टाकायला आप्पांकडे देते आहे. त्यांना रोज थोडं चालायला सांगितलं आहे. पाकीट दोनदा डिंक लावून चिकटवते आहे. उघडल्यासारखं वाटलं तर कळव.

ता.क. ५. (अक्षर वेगळं दिसेल. आप्पा लिहीत आहेत.) पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं. वाफ वर जाते हे मला झाडांच्या आधीपासून ठाऊक आहे. पत्रातल्या काही नोंदी चुकल्या आहेत. तेहतीस फूट पुस्तकात. प्रत्यक्षात पंचवीसच्या वर भरवसा धरू नये. आईचं जेवण जेवताना मी तिच्याकडे बघत असे. तुम्ही ताटात बघत होतात. काकूंविषयीचा मजकूर त्यांना वाचून दाखवणार आहे.

निळं पाणी मी प्यायलो. पहाटे, दिवा न लावता, दोन घोट. जावईबापू उठले, त्यांनी दिवा लावला, माझं तोंड बघितलं आणि पेल्यातलं उरलेलं स्वतः पिऊन टाकलं. मला म्हणाले, तुम्ही आज बोलू नका. म्हणून दिवसभर बोललो नाही. धाकटी दाराशी उभी राहून रडली, तेव्हा मला बोलावंसं वाटलं होतं. पण जीभ निळी होती. दुसरी किल्ली त्यांना परत दिली आहे. त्यांना कोणी रागावू नये.

हाताला धरून सगळे वर जातात, हे मला धाकटीने सांगितलं त्याच दिवशी समजलं होतं. फार चांगलं समजावते. तिला सांगू नकोस, पाणी मोजायला आणखी चेव येईल. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना टपालपेटीच्या रस्त्यावरच आहे. जाता जाता अठरा तारखेला हो म्हणून सांगतो. म्हणजे उत्तर सांगायला यायची आता गरज नाही.

तरी ये.

त्या दिवशी नळीत हवा माझ्या बाजूने शिरली. वेळ सकाळी सव्वानऊ. पातळी ठीक. वरून पाणी ओतलं आहे. तुझ्याकडून चालू कर.